फळीवरचा पहिला आठवडा
मुलांनी स्केटबोर्ड मागितला, तर पालकांनी काय करायचे?

बेअरिंगची गाडी माहीत नाही असा माणूस आपल्या वस्तीत सापडणे कठीण. गॅरेजवाल्याकडून टाकून दिलेली बेअरिंगे मागून आणायची, फळीला आडव्या दांड्या ठोकायच्या, पुढच्या दांडीला सुतळी बांधायची आणि उतारावरून खडखडाट करत सुटायचे. आजचे कितीतरी काका, मामा आणि आजोबा असेच गुडघे फोडून घेत मोठे झाले. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पोरांनी जवळपास हेच केले. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारी ही पोरे लाटा नसल्या की रोलर स्केटची चाके काढून फळीला ठोकत आणि रस्त्यावर खेळत. त्यातून स्केटबोर्ड आला. पुढे 1970 च्या दशकात लोखंडी व मातीच्या चाकांऐवजी पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारखी पकड असलेली चाके आली आणि खेळ जगभर पसरला. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. तिथे मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक जिंकणारी जपानची मोमिजी निशिया 13 वर्षांची होती. रौप्य जिंकणारी ब्राझीलची रेसा लील हीसुद्धा 13 वर्षांचीच.

आता हे सगळे मोबाईलवर आपल्या मुलांनाही दिसते. पाथर्डी, श्रीरामपूर, राहुरी असो की भिंगार, सातवी-आठवीतली मुले ही फळी मागू लागली आहेत. घरात त्यावर दोनच उत्तरे मिळतात. एक, "हातपाय मोडून घ्यायचेत का? अजिबात नाही." दुसरे, "घे बाबा एकदाची, पण डोके खाऊ नको." पहिल्या उत्तराने मूल पुन्हा मोबाईलला चिकटते. दुसऱ्या उत्तराने ते एकटेच फळी घेऊन रस्त्यावर जाते. आमचे म्हणणे तिसरे आहे. फळी द्या, पण पहिला आठवडा तुम्ही सोबत राहा.

पहिलाच आठवडा का?

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्केटबोर्डच्या दुखापतींचा अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. जखमी झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना फळीवर चढून एक आठवडाही झाला नव्हता. आणि पडून झालेल्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक दुखापती खडबडीत जमिनीमुळे झाल्या होत्या. म्हणजे धोका फक्त हवेत उड्या मारणाऱ्यांना आहे असे नाही. मोठा धोका नुसते उभे राहायला शिकणाऱ्याला आहे, आणि त्याच्या चाकाखाली आलेल्या बारीक खड्याचा आहे.

त्याचे कारण समजून घ्या. नवीन मूल फळीवर चढले की घाबरते, आणि घाबरलेला माणूस मागे झुकतो. वजन मागे गेले की फळी पायाखालून पुढे निसटते. मूल पाठीवर पडते आणि आपोआप हात मागे टेकवते. सगळा भार तळहातावरून मनगटात जातो. म्हणून या खेळात मनगट आणि कोपराखालचा हात सगळ्यात जास्त मोडतो. साधारण दहा ते चौदा या वयात हाडे भराभर लांब होतात, पण त्यांच्यात भरणारा कॅल्शियम तेवढ्या वेगाने भरत नाही. त्यामुळे याच वयात मनगटाजवळचे हाड सहज मोडते. वाढीचा पट्टाही तिथेच असतो. तो दुखावला आणि नीट उपचार झाला नाही, तर हात वाकडा वाढू शकतो.

वस्तीतल्या घराला हे किती महागात पडते, ते वेगळे सांगायला नको. मुलाचा हात मोडला की आईचा रोज बुडतो, दवाखान्याच्या फेऱ्या होतात, परीक्षेच्या दिवसांत लिहिणारा हात प्लास्टरमध्ये अडकतो. म्हणूनच पालक खेळालाच बंदी घालतात. पण यातल्या बऱ्याचशा दुखापती टाळता येतात, आणि त्यासाठी पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते.

फळी कशी घ्यावी?

खेळण्याच्या दुकानातली हलकी प्लास्टिकची फळी शिकण्यासाठी घेऊ नका. ती वजनाने वाकते आणि तिची कडक चाके जागच्या जागी अडकतात. खरी फळी साधारण 31-32 इंच लांब आणि 8 इंचांच्या आसपास रुंद असते. ती मेपल लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून बनवतात. वरच्या बाजूला सँडपेपरसारखा खरखरीत कागद असतो, त्यामुळे बूट घसरत नाही. खाली धातूचे दोन धुरे असतात, त्यांना या खेळात 'ट्रक' म्हणतात. चाकातली बेअरिंगे मात्र आपल्या ओळखीचीच, लहान आकाराची.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. चाक बोटाने फिरवले की काही वेळ फिरत राहिले पाहिजे. मोठ्या माणसाने मध्ये उभे राहून पाहिले तर फळीतून करकर आवाज येता कामा नये. आणि चाक नखाने दाबले तर किंचित मऊ लागले पाहिजे. अगदी कडक चाके गुळगुळीत स्केटपार्कसाठी असतात. आपल्याकडच्या जमिनीवर थोडी मोठी व मऊ चाकेच बरी, कारण ती बारीक खड्यावरून निघून जातात.

प्रत्येक घराने वेगळी फळी घेण्याची गरज नाही. चार-पाच घरांनी मिळून एक फळी, एक हेल्मेट आणि पॅडचा एक संच घेतला तर भार वाटला जातो. एका वेळी फळीवर एकच मूल असते, त्यामुळे पाळीपाळीने खेळता येते. बाकीची मुले कडेला उभी राहून खडे वेचतात आणि एकमेकांना सांभाळतात.

पैसे कमी पडत असतील तर आधी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घ्या, फळी पुढच्या महिन्यात घ्या. वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट चालणार नाही. ते मुलाच्या डोक्यावर हलते आणि त्याने मान जड होते. मुलाच्या मापाचे हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट मावले पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नका. गुडघ्याचे व कोपराचे पॅड हवेत. पायात सपाट तळव्याचे बूट हवेत, शाळेचे कापडी बूटही चालतील. चप्पल घालून कधीच नाही. मुलींनी खेळताना काचेच्या बांगड्या, पैंजण आणि ओढणी काढून ठेवावी.

जागा कोणती?

रस्त्यावर नाही. हे आम्ही सगळ्यात आधी सांगतो. आपल्या जिल्ह्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा, राहुरी या भागांत उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. नगर शहरात एमआयडीसीकडे जाणारे ट्रक असतात. फळीवरच्या नवशिक्याला पटकन थांबता येत नाही, आणि ट्रॉलीवाल्याला तो दिसतही नाही.

हवी सपाट, कोरडी, बंद जागा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे काँक्रीटचे अंगण, समाजमंदिरासमोरची फरशी, विहाराचे आवार, सुट्टीच्या दिवशी रिकामा असलेला बाजारओटा यांपैकी काहीतरी जवळ असतेच. विहाराच्या आवारात खेळायचे असेल तर कमिटीशी बोलून वंदनेची वेळ सोडून तासभर ठरवून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या 2009 च्या परिशिष्टात शाळेसाठी खेळाचे मैदान हा निकष दिलेला आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या 31 व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने 1992 मध्ये तो करार स्वीकारला आहे. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी सुट्टीच्या दिवशी अंगण उघडे ठेवण्याची मागणी लेखी करावी. ही मेहेरबानी मागणे नव्हे.

खेळण्याआधी खराटा मारा. एक बारीक खडा चाकाखाली अडकला की फळी जागेवर थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. पावसात व ओल्या फरशीवर खेळू नये. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी खेळावे. दुपारी काँक्रीट तापून तळहात भाजतात.

सात दिवसांचा धडा

पहिला दिवस: चाके फिरणार नाहीत. फळी गवतावर किंवा जाड गोणपाटावर ठेवा. कोणता पाय पुढे ते ठरवा. मुलाला पाठीमागून हळूच ढकलले तर तोल सावरायला तो जो पाय पुढे टाकतो, तोच बहुतेक वेळा पुढचा. डावा पुढे असो की उजवा, दोन्ही बरोबर. पाय फळीवरच्या स्क्रूंच्या वर, खांद्याइतक्या अंतरावर ठेवायचे. गुडघे वाकलेले. चढणे-उतरणे पन्नास वेळा.

दुसरा दिवस: पडायला शिका. फळी बाजूला ठेवा. घरातली जाड गोधडी किंवा वाकळ अंथरा. तोल जातोय असे वाटले की आधी खाली बसायचे, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. मग कुशीवर लोळायचे, हात छातीशी घ्यायचे. हात ताठ करून टेकवायचे नाहीत. पॅड घातले असतील तर पुढे पडताना आधी गुडघे टेकवायचे. हे अंगात भिनेपर्यंत करत राहा. कबड्डी खेळणाऱ्या मुलांना हे लवकर जमते.

तिसरा दिवस: फळी काँक्रीटवर. मूल फळीवर, मोठ्या माणसाने दोन्ही हात धरलेले. पालक चालतात, मूल नुसते उभे राहते. नजर पायाकडे नाही, चार पावले पुढे. वजन दोन्ही पायांवर, किंचित पुढच्या पायावर जास्त.

चौथा दिवस: ढकलणे. पुढचा पाय फळीवर, बोटे समोर. मागच्या पायाने जमीन एकदा ढकलायची, तो पाय हळूच फळीवर आणायचा, मग दोन्ही पाय आडवे करायचे. एकदा ढकलून फळी थांबेपर्यंत जायचे, उतरायचे, पुन्हा.

पाचवा दिवस: थांबणे. मागचा पाय फळीवरून काढून बुटाचा तळवा जमिनीला हलकेच घासायचा आणि हळूहळू दाबायचा. दुसरा उपाय, वेग कमी असेल तर पुढे पाऊल टाकून सरळ उतरून चालू लागायचे. थांबता येत नाही तोपर्यंत दुसऱ्यांदा ढकलायची परवानगी नाही, हा नियम कडक ठेवा.

सहावा दिवस: वळणे. पायाच्या बोटांवर भार दिला की फळी एका बाजूला वळते, टाचांवर दिला की दुसऱ्या बाजूला. जमिनीवर वीट ठेवून तिला वळसा घालायचा.

सातवा दिवस: विश्रांती. अंगावरच्या खरचटलेल्या जागा पाहा, चाकांचे नट घट्ट आहेत का ते पाहा, बेअरिंगमध्ये अडकलेले केस-धागे काढा.

रोज तीस-चाळीस मिनिटे पुरेत. थकलेले मूलच जास्त पडते. महिनाभर उतारावर जायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत आणि चालत्या मोटारसायकलला धरून तर कधीच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना फळी देऊ नये आणि दहा वर्षांखालच्या मुलांजवळ मोठे माणूस सतत हवे, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. तो आपल्याकडेही पाळावा.

मुलींचे काय?

पुण्याची श्रद्धा गायकवाड हे नाव मुलींना सांगा. तिचे वडील सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे. 2022 मध्ये गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने स्केटबोर्डिंगमध्ये महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक जिंकले. पुढच्या वर्षी चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती भारताकडून उतरली. नगरहून पुण्याला कामासाठी गेलेल्या आपल्या किती घरांतली माणसे अशाच नोकऱ्या करतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावचे. तिथे 2015 मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी गावातच काँक्रीटचे स्केटपार्क उभे केले. गावात गोंड आदिवासी आणि यादव अशा दोन्ही समाजांची मुले, पण पार्क एकच. तिथे दोन नियम ठेवले: शाळा बुडवली तर फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्याच गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत खेळायला गेली. हे दोन्ही नियम आपल्या वस्तीत जसेच्या तसे लावता येतील, आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

मुलगी वयात आली की तिचा खेळ बंद होतो. पाळीच्या दिवसांत खेळल्याने अपाय होतो, किंवा अशा खेळाने मुलीचे 'काही बिघडते', हे समज खोटे आहेत. उलट उड्या, धावणे आणि तोल सांभाळणे यांनी हाडे मजबूत होतात. जेवणात नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, दूध किंवा ताक, जे परवडेल ते रोज असावे. अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलींनी चुकवू नयेत. रक्त कमी असलेली मुलगी लवकर दमते आणि दमली की पडते.

पडल्यावर काय करायचे?

आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यातल्या अनेक दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी गावाचे आरोग्य बदलून दाखवले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रथमोपचार शिकायला पदवी लागत नाही, हे जामखेडने दाखवून दिले आहे. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला खालच्या गोष्टी माहीत असाव्यात.

खरचटले तर: नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा, खडे-माती निघेपर्यंत. हळद, चुना, तंबाखू, मिश्री, टूथपेस्ट काहीही भरू नका. स्वच्छ कापड बांधा. धनुर्वाताचे टीडी इंजेक्शन 10 व्या आणि 16 व्या वर्षी देतात. जखम मातीने भरलेली असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी दाखवा.

मुरगळले तर: खेळ थांबवा, कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी पंधरा-वीस मिनिटे ठेवा, पाय उंचावर ठेवा. पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नाही.

हाड मोडल्याची शंका असेल तर: हात वाकडा दिसतो, सूज भराभर चढते, मूल हात हलवू देत नाही, हाडावर बोट ठेवताच ओरडते, या खुणा आहेत. हात ओढून सरळ करू नका. घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हाताखाली ठेवून कापडाने सैलसर बांधा आणि ओढणीच्या झोळीत हात गळ्यात अडकवा. खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. हाडवैद्याकडे नेऊन चोळू नका. जिथे एक्स-रे होतो अशा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. ऑपरेशन सांगितले तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. प्लास्टर घातल्यावर बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणे वाढतच गेले, तर रात्र असली तरी परत जा.

डोक्याला मार लागला तर: मूल बेशुद्ध पडले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, गुंगी चढली, बोलणे असंबद्ध झाले, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी आले, तर 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. मूल ठीक वाटले तरी एक दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. डोके दुखत असेपर्यंत पुन्हा फळीवर चढवू नका. मुलाने पडल्याचे लपवू नये, यासाठी घरात मार मिळणार नाही याची त्याला खात्री द्या. पडल्यावर ओरडा बसतो म्हणून मुले दुखणे दोन-दोन दिवस लपवतात आणि तिथेच हाड चुकीचे जुळायला सुरुवात होते.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतल्या चार-पाच पालकांनी एकत्र बसावे. फळी कोण आणणार, खराटा कोण मारणार, रोज एक तास मुलांजवळ कोण उभे राहणार, हे ठरवावे. वरचा सात दिवसांचा धडा आणि 108 हा नंबर कापून भिंतीवर चिकटवावा. पहिल्या आठवड्यात मूल सुखरूप उभे राहायला, थांबायला आणि पडायला शिकले, तर पुढचे ते स्वतःच शिकेल.